जपमाळेचा पहिला अर्धा

गळ्यावर नुकतीच चीर पडली आहे आणि आवाज परत येईल की नाही हे कुणीच नक्की सांगत नाही, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. आजाराची माहिती डॉक्टरांकडून घ्या. त्यांच्याकडे जे मिळत नाही तेवढंच मी इथे मांडते.

मी तलासरीत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. पहाटेची घंटा, हजेरी, धान्याचा साठा, आजारी मुलींची औषधं, पालकांचे फोन, सगळं माझ्याकडे. आवाज हेच माझं हत्यार होतं. मैदानाच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाच्या नळावरची मुलगी बादली घेऊन पळत यायची.

हाच आवाज मी संध्याकाळी आमच्या पाड्यावर रोजरीला वापरायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोजरी म्हणजे आम्हा कॅथलिकांची जपमाळ. तिच्या प्रत्येक मण्याला ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणतात आणि ती दोन अर्ध्यांत विभागलेली असते. पहिला अर्धा पुढारी एकटा म्हणतो, दुसरा अर्धा बाकी सगळे मिळून म्हणतात. आमच्या पाड्यावर पुढारी मी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी. शेवटी आजाऱ्यांच्या, परीक्षेच्या, हरवलेल्या बैलाच्या विनंत्याही मीच वाचायचे. माझी रोजरी वेळेत सुरू होऊन वेळेत संपायची. शेजारची सिसिलबाई म्हणायची, "लुसीबाईची रोजरी म्हणजे सुरत फास्ट एसटी. तलासरीला थांबतच नाही."

चहाचा घोट

गाठ मला सापडली नाही. माझ्या नवऱ्याला सापडली.

लॉरेन्स मोटारपंप दुरुस्त करतो. झाईपासून डहाणूपर्यंतच्या चिकूच्या वाड्यांतून त्याला बोलावणं येतं. तो बोलतो कमी, बघतो जास्त. नाताळ झाला होता, घरातला येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा अजून उतरवायचा होता. समोरासमोर चहा पीत होतो तेव्हा तो म्हणाला, "लुसी, तुझ्या गळ्यात काय वरखाली होतंय?"

मी म्हटलं, चहा होतोय. त्याने मला आणखी एक घोट घ्यायला लावला आणि पंपाच्या पाइपाकडे बघावं तसा माझ्या गळ्याकडे बघत राहिला. मग कप खाली ठेवून म्हणाला की उद्या डहाणूला जायचं. मी म्हटलं, उद्या धान्य येणार आहे. तो म्हणाला, धान्य येईल, तूही येशील.

डहाणू रोडच्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं आणि सोनोग्राफी लिहून दिली. मग सुईची तपासणी झाली. मग सुरतच्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. आमची मुलगी सरिता वापीला एका कंपनीत कामाला आहे. तिने सगळे कागद एका फाइलीत लावले आणि वर, मी वसतिगृहातल्या डब्यांवर लिहिते तसं, चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलं. ते बघून मला पहिल्यांदा रडू आलं.

न लिहिलेला प्रश्न

निदानाच्या दिवशी मी प्रश्न लिहून नेले होते. सर्जन तरुण होते, शांत होते. थायरॉइडचा कर्करोग आहे, पण या जातीचा बहुतेक वेळा बरा होतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी एकेक प्रश्न विचारत गेले, त्यांनी उत्तरं दिली, मी खुणा केल्या. कागद संपला. मग तोंडातून जो प्रश्न निघाला तो मी लिहिलाच नव्हता.

"डॉक्टर, आवाज राहील ना?"

आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते, ती वाचवण्याचा पूर्ण प्रयत्न करू, पण ती दुखावू शकते, असं म्हणाले. किती दिवस, किती प्रमाणात, आत्ता सांगता येणार नाही.

मरणाची भीती मला त्या दिवशी फारशी वाटली नाही, हे मलाच विचित्र वाटलं. आवाजाची वाटली. हजेरी कशी घेणार, मुलींना हाक कशी मारणार, हे तर होतंच. खरी भीती त्याच्याही खाली होती. मी देवाशी मोठ्याने बोलूनच जगले होते. गप्प राहून त्याच्याशी कसं बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. आवाज गेला तर माझ्याकडे प्रार्थना उरेल का?

त्या संध्याकाळी घरी विनंत्या वाचल्या. शेवटी स्वतःचं नाव घातलं आणि वाचूनही टाकलं. धान्याच्या पावतीइतकंच ते कोरडं वाटलं.

घरातली शांतता

ऑपरेशनची तारीख ईस्टरआधीच्या उपवासकाळात आली. त्याआधीच्या आठवड्यांत आमच्या घरात सगळ्यात जास्त कशाने त्रास झाला असेल तर लॉरेन्सच्या गप्प राहण्याने. सरिता रोज फोन करून मुंबईला दुसरं मत घेऊ म्हणायची, मी तिच्यावर चिडायचे, ती रडायची. आणि हा माणूस अंगणात बसून कुणाच्या तरी पंपाचं इंपेलर, आतलं पाणी फेकणारं चाक, घासत असायचा.

एकदा मी त्याच्यासमोर उभी राहिले. आमच्याकडे नवऱ्याला एकेरीच बोलतात. म्हटलं, "माझा गळा कापणार आहेत. तुला काही बोलायचंय की नाही?"

तो इंपेलर हातात धरून म्हणाला, "तू बोलतेस ना."

मी दार आपटून आत गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आजारपणात घरात भांडण झालं की आपलं प्रेम आटलं असं वाटतं. तसं नसतं. प्रत्येक जण आपापल्या परीने घाबरलेला असतो, एवढंच.

फक्त वारा

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, नस कापली गेली नाही. शुद्धीवर आल्यावर मी परिचारिकेला पाणी मागितलं आणि तोंडातून फक्त वारा आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. नस शाबूत आहे पण थकली आहे, कदाचित काही महिन्यांत जागी होईल, आवाज पहिल्यासारखा होईलच असं वचन देत नाही, असं म्हणाले. मी मान डोलावली. मला हात जोडायचे होते पण एका हातात सुई होती.

ज्यांना यातून जायचं आहे त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी इथेच सांगते. पाटी आणि खडू न्या, मोबाइलवर लिहायला बोटं थरथरतात. पाणी पिताना हनुवटी खाली घ्या, नाहीतर ठसका लागतो. पुढून उघडणारा गाऊन न्या. घरच्यांना हाक मारायला एक छोटी घंटी ठेवा. आणि भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की तुमची कुजबुज ऐकून त्यांनीही कुजबुजायची गरज नाही. सगळे कुजबुजायला लागतात. खोलीत चोर शिरल्यासारखं वाटतं.

अर्धंच बोलतो

भेटीची वेळ संध्याकाळी असायची. सरिता कामावरून थेट यायची, पण तिला गाडी पकडायची असायची. लॉरेन्स मात्र शेवटपर्यंत बसायचा. पहिल्या संध्याकाळी त्याने शर्टाच्या खिशातून माझी जपमाळ काढली आणि माझ्या हातात दिली. दुसरी, त्याच्या आईची, स्वतःच्या हातात घेतली. क्रुसाची खूण केली. आणि गप्प बसला.

मी वाट बघत राहिले. त्याचा चेहरा लाल झाला. मग मला कळलं. त्याला पहिला अर्धा येत नव्हता. आयुष्यभर माझ्यामागे, दारापाशी चपलांच्या शेजारी बसून त्याने फक्त दुसरा अर्धा म्हटला होता. कानाला पहिला अर्धा पाठ होता, तोंडाला नव्हता. दोन शब्द म्हणायचा आणि अडायचा. पुन्हा सुरू करायचा, पुन्हा अडायचा.

हसले तर टाके दुखायचे, तरी मी हसले. तोही हसला. मग पंपवाल्याने आपला मार्ग काढला. "तू मनात म्हण," तो म्हणाला. "मणी सरकवलास की मी माझा म्हणतो."

तसंच सुरू झालं. मी मनात पहिला अर्धा म्हणायचे, बोटाने मणी पुढे सरकवायचे. तो माझ्या बोटाकडे बघत बसायचा आणि मणी हलला की दुसरा अर्धा म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस प्रत्येक वाक्य मध्येच सुरू करतो आहे.

शेजारच्या खाटेवर बलसाडकडच्या एक म्हाताऱ्या बा होत्या. त्यांचीही माळ होती, तुळशीची, कापडी पिशवीत हात घालून जपायच्या. दोन संध्याकाळी त्यांनी हे ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "तारो वर तो अडधुंज बोले छे. बाकीनुं कोण बोले?" तुझा नवरा अर्धंच बोलतो, उरलेलं कोण बोलतं?

मी पाटीवर लिहिलं, ‘हूं’. मी.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग समाधानाने मान हलवली. "तो बराबर छे. नहीं तो भगवानने थाय के आ माणस अडधेथी केम आवे छे."

देवाला वाटेल हा माणूस रोज अर्ध्यातूनच कसा येतो. लॉरेन्सला हे लिहून दाखवलं तेव्हा तो कितीतरी वेळ खांदे हलवत हसत होता.

एकच मणी

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या अर्ध्यात मागणं काहीच नसतं, हे मला त्या खाटेवर कळलं. ते फक्त अभिवादन आहे. देवदूत येशूची आई मारिया हिच्या घरी येतो आणि तिला नमस्कार करतो, बस. मागणं सगळं दुसऱ्या अर्ध्यात असतं. मी इतकी वर्षं रोज संध्याकाळी नमस्कार करत होते आणि माझं सगळं लक्ष शेवटी वाचायच्या विनंत्यांकडे असायचं. दार उघडायच्या आत सामान आत ढकलणारा टेम्पोवाला असतो ना, तसं.

मनात म्हणताना घाई करता येत नाही. तोंड शब्द ढकलत पुढे नेतं, मन नेत नाही. मध्येच वसतिगृहातली डाळ आठवायची, बदली अधीक्षिकेने कुलूप लावलं असेल का ते आठवायचं. परत यायचं, पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचं. आणि समोर लॉरेन्स बसलेला. मणी हलेपर्यंत तो जागचा हलत नसे. त्याला कंटाळा येत नव्हता, तो घड्याळाकडे बघत नव्हता. वाट बघणं हेच त्याचं काम असल्यासारखा बसायचा.

एका संध्याकाळी मला पुढे जाताच येईना. त्या दिवशी परिचारिकेने मला ‘आ’ म्हणायला सांगितलं होतं आणि काहीच निघालं नव्हतं. मी मण्यावर बोट ठेवलं आणि भीती अशी वर आली की मनातलेही शब्द बंद झाले. ना नमस्कार, ना मागणं. मणी सरकत नव्हता.

लॉरेन्सने विचारलं नाही काय झालं. धीर दिला नाही. त्याने फक्त आपल्या माळेचा मणी तसाच धरून ठेवला. बा आपली पिशवी घेऊन कुशीवर वळल्या. बाहेर जेवणाच्या ताटांच्या गाड्या आल्या नि गेल्या. भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा आम्ही दोघं त्याच मण्यावर होतो.

तो उठला, माझ्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि म्हणाला, "उद्या इथूनच."

त्या संध्याकाळी एकही शब्द न म्हणता मी जितकी प्रार्थना केली तितकी त्याआधीच्या वर्षांत केली नव्हती. कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. माणूस जर एका मण्यावर इतका वेळ थांबू शकतो, तर ज्याने माणसाला घडवलं तो किती थांबत असेल? हे मी उपदेशात खूपदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते मला हातात धरता आलं. भीती गेली नाही. पण आता भीतीतही मी एकटी नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिथूनच सुरू केलं.

बिनमिठाची खोली

ईस्टरनंतर आयोडीनचं औषध द्यायचं ठरलं. त्याआधी काही दिवस आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूध बंद. बोंबलाच्या वासावर वाढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. सिसिलबाई येऊन म्हणाली, "लुसीबाई, उपवासकाळ संपला. देवाला कळवलंय ना?"

औषध घेतल्यावर वेगळ्या खोलीत राहावं लागतं. अंगातून किरणं निघतात म्हणून कुणी भेटायला येत नाही. जेवण दारातल्या टेबलावर ठेवतात. मी साधी प्लास्टिकची जपमाळ नेली, कारण आत नेलेल्या वस्तू परत आणता येतीलच असं नाही, असं सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी क्रुसाची खूण केली, पहिला अर्धा मनात म्हटला, मणी सरकवला. दुसरा अर्धा म्हणायला कुणी नव्हतं. मी तो स्वतः म्हणू शकले असते. म्हटला नाही. तेवढी जागा मोकळी सोडली, लॉरेन्स सोडायचा तशी, आणि वाट बघितली.

त्या मोकळ्या जागेत मला देवाचा आवाज ऐकू आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तसं काही झालं नाही. पण जागा रिकामी वाटली नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. खिडकीतून एक निलगिरी दिसत होती. ऊन तिच्या बुंध्यावरून खाली उतरायचं. मी मणी धरून बसायचे. ज्या बाईला स्वस्थ बसता येत नाही म्हणून सासू हसायची, ती बाई बसून होती आणि तिला उठावंसं वाटत नव्हतं.

माळ तिथेच ठेवून आले. शिकलेलं घेऊन आले.

हवा धरलेला पंप

घरी गळ्याचे व्यायाम सुरू झाले. नळीतून पाण्यात बुडबुडे काढायचे, ओठ मिटून गुणगुणायचं, भिंतीला हात लावून जोर देऊन ‘आ’ म्हणायचं. करा. कंटाळा आला तरी करा. मी वेळा ठरवून केले, त्यात माझ्या स्वभावाचा उपयोगच झाला. बरेच दिवस फक्त फसफस ऐकू यायची. मी पाटी आपटायचे.

लॉरेन्स म्हणाला, "पंपाने हवा धरलीय. नवीन पंप घ्यायला धावायचं नसतं. वरून पाणी घालायचं आणि थांबायचं."

पावसाळ्याच्या मध्यावर, नाचणीच्या भाकरी थापत असताना, गुणगुणता गुणगुणता एक सूर निघाला. जाड, खालचा, माझ्या वडिलांच्या आवाजासारखा. मी पुन्हा काढला. पुन्हा निघाला. पिठाच्या हातांनी अंगणात धावले. लॉरेन्स मोटार खोलून बसला होता. मी त्याच्या नावाने हाक मारली. आख्खं नाव काही निघालं नाही, ‘लॉ’ एवढंच निघालं. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "आलं पाणी."

पुढे तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. शरीरात काही उरलेलं दिसत नाही, थायरॉइडची गोळी मात्र जन्मभर रोज घ्यायची, असं म्हणाले. गोळी मी घड्याळ लावून घेते. सरिताने फाइल बंद करून तिच्यावरची चिकटपट्टी काढून टाकली.

आमच्या घरची पाळी

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोजरीचा महिना. मारियामातेची मूर्ती पाड्यावर घरोघरी फिरते, ज्या घरी मूर्ती त्या घरी त्या संध्याकाळची रोजरी. शेजारची हिंदू वारली कुटुंबंही ओट्यावर येऊन बसतात, मुलांना उकडलेल्या शेंगा मिळतात. आमच्या घरी मूर्ती आली तेव्हा सगळ्यांनी मलाच पुढे बसवलं. माझ्या आजारपणात सिसिलबाईने पुढारी व्हायचा प्रयत्न करून बघितला होता आणि तिचं मत होतं की ते काम म्हणजे नुसता घशाला त्रास.

मी सुरू केलं. आवाज जाड होता, पण घराच्या टोकापर्यंत पोहोचला. मागच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मी प्रत्येक नमस्कार नमस्कारासारखा केला, मध्ये जागा सोडली. ही सुरत फास्ट नव्हती. तलासरीला थांबत होती, आणि मधल्या प्रत्येक थांब्यालाही.

तिसऱ्या रहस्यात, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या भागात, आवाज तुटला. तोंड उघडलं आणि पुन्हा तोच वारा. घरात सगळे थांबले. आमच्याकडे पुढाऱ्याचा अर्धा दुसरं कुणी उचलत नाही, तशी रीतच नाही. मी गळ्याला हात लावून बसले.

तेव्हा दारापाशी, चपलांच्या शेजारून, आवाज आला. लॉरेन्स. पहिला अर्धा. सावकाश, एकही शब्द न अडता, शेवटपर्यंत.

मी मागे वळून बघितलं. नंतर त्याने सांगितलं की मी त्या वेगळ्या खोलीत होते तेव्हा तो घरी माळ घेऊन बसला आणि सुरुवात करायला कुणीच नव्हतं, म्हणून शिकला. "तुझी जागा रिकामी ठेवायची नव्हती," एवढंच म्हणाला. पण ते नंतर. त्या क्षणी तो आपला अर्धा संपवून माझ्याकडे बघत थांबला होता.

आता दुसरा अर्धा माझा होता. आमच्या पाड्यावर, सगळ्यांमध्ये बसून, तो मी कधीच म्हटला नव्हता. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. ते शब्द इतकी वर्षं माझ्या पाठीमागून यायचे. त्या वर्षात ते दोन्ही काळ मी फार जवळून पाहिले होते.

मी म्हणायला लागले. वाऱ्यातून सूर परत आला. सिसिलबाई, सरिता, ओट्यावर बसलेली एक वारली म्हातारीसुद्धा, सगळे एकदम म्हणत होते, घर भरून गेलं होतं, आणि त्या सगळ्या आवाजांत माझा कुठला हे मलाच ओळखू येईना. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी प्रार्थना केली नव्हती.

हल्ली आमच्या घरी रोज असंच चालतं. एक दिवस पहिला अर्धा त्याचा, एक दिवस माझा. वेळ लागतो. लागू दे.